साहेबांच्या कमरेची सुपारी

आमच्या मामांना अख्खा जिल्हा साहेब म्हणतो. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, रावजीसाहेब. पेपरात त्यांचं नाव यायचं तेव्हा आधी ‘युवा नेते’ असं यायचं, पुढं नुसतं ‘नेते’ झालं आणि आता बरीच वर्षं ‘ज्येष्ठ नेते’ येतंय. मधल्या काळात माणूस आहे तसाच राहिला, फक्त केसांना कलप लवकर लवकर लावावा लागायला लागला. मी रेश्मा, होटगीला शाळेत शिकवते. मुलांना थोरामोठ्यांची चरित्रं सांगून सांगून तोंड दुखलं, म्हटलं एक घरातलंही सांगून टाकावं.

साहेबांची सुरुवात दूध सोसायटीतून झाली. तिथं ते सेक्रेटरी होते आणि दुधात पाणी कोण घालतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एकाचंही नाव सांगितलं नाही. मग पाणी घालणारे सगळे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि साहेब सरपंच झाले. राजकारणाचा पहिला धडा त्यांनी तिथं घेतला, आणि दुसऱ्याची गरज कधी पडली नाही. पुढं जिल्हा परिषद झाली, आमदारकी झाली आणि एकदा, सरकार पडायला टेकलं होतं तेव्हा, राज्यमंत्रिपदही झालं. खातं मिळालं खारजमिनीचं. आता सोलापुरात समुद्र कुठून आणायचा? पण साहेबांनी नवी पेठेतून उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, कापडदुकानदारांकडून हार घेतले आणि ‘या मातीला न्याय मिळाला’ असं चौकात सांगितलं. त्या खात्यात नेमकं काय करायचं असतं हे त्यांना कळायच्या आत सरकार गेलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तरी ‘माजी मंत्री’ ही पाटी बंगल्याच्या फाटकावर अजून लखलखते, गडी रोज पुसतो.

पक्ष किती बदलले ते विचारू नका. आत्या म्हणायची, “मला काय पेपर वाचाय लागत न्हाय. उपरणी धुवाय टाकली की कळतं. बादलीतलं पानी दर निवडणुकीला येगळ्या रंगाचं.” प्रत्येक वेळी साहेब मात्र ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर’ गेले. हे आग्रह करणारे कार्यकर्ते आम्हाला कधी दिसले नाहीत. दिसायचे ते जेवायला यायचे आणि त्यांच्या भाकरी आत्या थापायची.

पण साहेबांचा खरा धंदा सांगायचा तर लोकांच्या सुखदुःखाचा. लग्नात ते पोचेपर्यंत अक्षता थांबायच्या, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभी असायची. दहाव्याला तर साहेब हवेतच. नदीकाठी पिंड ठेवलेला, कावळे झाडावर ताटकळलेले आणि साहेबांच्या हातात माईक. “या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. गेलेला माणूस आपण परत आणू शकत नाही, परंतु मागं राहिलेल्यांना आम्ही एकटं पडू देणार नाही.” नाव तेवढं बदलायचं, बाकी भाषण तेच. आवाज कुठं जड करायचा आणि रुमाल कुठं काढायचा तेही ठरलेलं. त्यांचा ड्रायव्हर गैबीसाब सांगतो, की एकदा गाडीतनं उतरताना साहेबांनी विचारलं, “आज कोण?” आणि गैबीसाबनं नाव सांगितल्यावर म्हणाले, “बाई की बुवा?”

माझी आत्या वैजयंती. होटगीची लेक, चौथी शिकलेली, हाताला लई चव. साहेबांचं पहिलं इलेक्शन माझ्या आजोबांच्या बैलगाडीतून आणि आत्याच्या शेंगाचटणीवर झालं. साहेबांनी भाषणांतून ‘माझ्या यशामागे माझी पत्नी आहे’ हे पुष्कळदा सांगितलं, पण पत्नीचं नाव काय हे एकदाही सांगितलं नाही. कोनशिलांवर ‘सौ. व श्री. रावजीसाहेब’ असं कोरलेलं असतं. त्यातली ‘सौ.’ म्हणजे माझी आत्या.

आमदारकी गेली, मंत्रिपद गेलं, पण सीनेकाठचा बिरदेव साखर कारखाना साहेबांच्या हातून सुटला नाही. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिथं बॉयलर पेटवायची पूजा असते आणि नंतर हंगाम सुरू करताना गव्हाणीची, म्हणजे ऊस जिथून आत जातो तिथली. या पूजा जोडप्यानं करायच्या असतात. बाकीचे कारखाने एखाद्या वर्षी संचालकाचं जोडपं बसवतात, कधी कामगाराचं बसवतात. आमच्याकडं चेअरमन आणि त्यांची सौ. दोन्ही पूजांना, दर वर्षी. गुरुजी सांगायचे, “बाई, नवऱ्याच्या हाताला हात लावा.” आत्या बोटं लावायची. साहेब पळीनं पाणी सोडायचे, फोटोवाल्याकडं बघायचे. आत्याचं सार्वजनिक जीवन म्हणतात ते एवढंच, नवऱ्याच्या मनगटाला चार बोटं.

माझे वडील भीमाशंकर रेल्वेत होते, होटगी जंक्शनात गाड्यांचे सांधे बदलायचं काम. सीनेकाठी आमचं थोडं रान आहे, त्यात ऊस, म्हणून ते बिरदेवचे सभासद. परवाच्या वर्षी वार्षिक सभेत ते उठून उभे राहिले. म्हणाले, “साहेब, एक इचारायचं हुतं. दरसाली पूजंला तुमी दोगंच बसता. एखाद्या साली ऊसतोडीच्या टोळीतलं जोडपं बसवलं तर काय हुईल?” एवढाच प्रश्न. ना पैशाचा, ना हिशेबाचा. पण सभा हसली आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी माईकवाल्याकडं नुसतं बघितलं. वडिलांचा माईक बंद झाला, ओठ हलत राहिले.

मेहुण्यानं भर सभेत नाक कापलं म्हणून साहेबांनी होटगीची पायरी चढायची बंद केली. माझ्या वडिलांना यात आपलं काय चुकलं हे मरेपर्यंत कळलं नाही. ते भोळे होते. त्यांना वाटत होतं, की प्रश्न विचारला म्हणजे उत्तर येतं.

या उन्हाळ्यात वडील गेले. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. आत्या धावत आली. साहेब आले नाहीत. ‘महत्त्वाची बैठक आहे’ असा निरोप आला. माती झाली, आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरानं पेपर आणून दिला. त्यात साहेबांचा फोटो होता, डोळ्याला रुमाल लावलेला. कुठल्याशा ठेकेदाराच्या चुलत्याच्या दहाव्याला ते माढा तालुक्यात गेले होते. ज्या वेळी इथं माझ्या बापाला अग्नी दिला जात होता, त्या वेळी तो माणूस परक्याच्या चुलत्यासाठी रुमाल काढत होता! मला त्या फोटोवर थुंकावंसं वाटलं. आत्यानं तो पेपर घेतला, घडी घातली आणि चुलीत सारला.

ती परत सोलापूरला गेलीच नाही. गाडी घेऊन गैबीसाब आला तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, “साहेबास्नी सांग, माज्या भावाच्या फोटूपुढं येऊन एकदा बसा म्हनावं. गपचिप, भाषण न करता. घटकाभर बसा, मग मी येते. तवर तुमच्या पाटावर मी न्हाय बसायची.”

गैबीसाबनं मान हलवली. म्हणाला, “बाईसाब, मैं बोलता. पन भाषन न करता बसनं, ये साहेबना जमंल का, देवालाच माहीत.”

साहेब आले नाहीत. त्यांनी कारखान्याच्या संचालक मंडळात वडिलांच्या नावानं शोकप्रस्ताव मंजूर करून पाठवला. खाली सगळ्यांच्या सह्या, साहेबांचा शिक्का. आईनं तो उलटा करून त्यावर तूर वाळत घातली.

दसरा आला. बॉयलरची पूजा आली आणि त्यामागोमाग कारखान्याची निवडणूकही होती. या खेपेला साहेबांच्या विरोधात युवराज नावाचा त्यांचाच जुना चेला उभा होता. कालपर्यंत साहेबांची बॅग धरणारा, आता पांढरे बूट घालून फिरणारा. अशा वेळी पूजा चुकवून चालणार नव्हती, दुसऱ्या जोडप्याला पाटावर बसवलं तर माझ्या वडिलांचं म्हणणं खरं होणार होतं, आणि आत्या काही येत नव्हती. मग साहेबांनी गुरुजींना विचारलं, काही सोय आहे का.

सोय होती. आपल्याकडं प्रत्येक गोष्टीची सोय असते, पुरुषाची असेल तर जास्तच. बायको हजर नसेल तर पुरुषानं कमरेला सुपारी खोचायची आणि पूजेला बसायचं. सुपारी म्हणजेच बायको. ती मध्ये बोलत नाही, माहेरी जात नाही, तिला भाऊही नसतो. साहेबांनी सुपारी खोचली आणि थाटात बॉयलर पेटवला.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. गुरुजींच्या पोथीत बायको आजारी असली, परगावी असली तरी सुपारी चालते. पण आमच्या भागात कुणी पोथी वाचत नाही, डोळ्यांनी बघतं. आणि कमरेला सुपारी लावलेला माणूस लोकांनी आजवर एकाच प्रकारचा बघितला होता, बायको मेलेला. कामगारांनी साहेबांच्या धोतराच्या निऱ्यांपाशी सुपारी बघितली आणि एकमेकांकडं बघितलं. बॉयलर तापायच्या आत बातमी सीनेच्या दोन्ही काठांना पसरली, साहेबांच्या मालकीणबाई गेल्या.

युवराजनं तर कमालच केली. संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आत्याचा एकटीचा फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून कुठल्यातरी उद्घाटनातला कापून घेतलेला. अर्ध्या चेहऱ्यावर साहेबांचा खांदा आला होता. खाली युवराजचा फोटो, आत्याच्या दुप्पट, हात जोडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक टेम्पो थांबला. बायका उतरल्या, त्या पदर तोंडाला लावूनच उतरल्या. सगळ्यात पुढची म्हातारी ओळखीची, अक्कलकोटकडची, तिनं उंबऱ्यावरच गळा काढला. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. ती दचकून उठली आणि म्हणाली, “अगं, कोन गेलं?”

म्हातारी रडायची थांबली. “अय्यो,” ती म्हणाली, “तुमीच की!”

आई आणि मी आत पळालो. हसू तर येत होतं, पण वडिलांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं, म्हणून रडूही आलं. बाहेर आत्यानं सगळ्यांना चहा पाजला. शेंगा फोडायलाही बसवलं. मेलेल्या बाईच्या हातचा चहा पिऊन बायका खुशीत परत गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, साहेबांनी लगेच खुलासा केला असेल. छे! गैबीसाबनं नंतर सांगितलं. पहिला फोन आला तेव्हा साहेब गोंधळले. दुसऱ्या फोनला गप्प बसले. तिसऱ्या फोनला कुणी मोठा माणूस होता, तो म्हणाला, “रावजीराव, अशा वेळी सगळा तालुका तुमच्या पाठीशी आहे.” साहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “ईश्वरेच्छा.” बायको होटगीत शेंगा फोडतेय हे माहीत असलेला माणूस ईश्वरेच्छा म्हणाला! सहानुभूती फुकट मिळत होती, ती कशाला सोडा. बंगल्यावर लोक येऊन पांढऱ्या चादरीवर बसून गेले. साहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त रुमाल जवळ ठेवला.

पण टेम्पोतल्या बायकांनी घरोघर सांगितलं. एक-दोन दिवसांत सगळीकडं खसखस पिकली. युवराजनं फ्लेक्स बदलला आणि सभांमधून विचारायला लागला, “जो माणूस जित्या बायकोचं सुतक पाळतो, तो कारखाना काय जिता ठेवणार?” उचलली जीभ लावली टाळ्याला. आदल्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो होता हे तो सोयीनं विसरला. तरी बाण बरोबर लागला. साहेबांना आता आत्या जिवंत हवी होती, गव्हाणीच्या पूजेला, पाटावर, सगळ्या लोकांसमोर.

म्हणून साहेब होटगीला आले. तीन गाड्या, पुढं फोटोवाला, मागं संचालक. आम्ही ओसरीवर सतरंजी टाकली, भिंतीला वडिलांचा फोटो, हार ताजा. आत्या दाराला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर चक्क आशा होती. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढूनही तिला वाटत होतं, की आज तो बसेल.

साहेबांनी फोटोला हार घातला. फोटोवाल्यासाठी जरा थांबले. मग वळले, बसले नाहीत. हात पुढं बांधले, घसा साफ केला आणि आत्याकडं बघून, स्वतःच्या बायकोकडं बघून म्हणाले, “या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. गेलेला माणूस आपण परत आणू शकत नाही, परंतु मागं राहिलेल्यांना आम्ही एकटं पडू देणार नाही.” ठरलेल्या जागी आवाज जड झाला. ठरलेल्या जागी रुमाल निघाला.

गैबीसाबनं मान खाली घातली. मला वाटलं, आता आत्या ओरडेल, निदान रडेल तरी. ती म्हणाली, “झालं?”

“अं? हो,” साहेब म्हणाले. “मग गव्हाणीला...”

“येते मी,” आत्या म्हणाली. “गाडी पाठवू नका. रेश्मासंगं येते.”

साहेब खुशीत गेले. मी मात्र तिच्यावर भडकले. म्हटलं, आत्या, एवढ्यावर विरघळलीस? तुझ्या भावाचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी. आत्या डब्यातून सुपाऱ्या काढून एकेक वाजवून बघत बसली. मला वाटलं, ओटीची तयारी चाललीय.

गव्हाणीच्या पूजेला मांडव भरून माणसं होती. निम्मी हंगामासाठी आली होती आणि निम्मी मेलेल्या बाईला बघायला. आम्ही रिक्षानं पोचलो. आत्या मांडवात शिरली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणजे जिवंत असल्याबद्दलच वाजवल्या असणार. माईकवरून ‘साहेबांच्या सुविद्य पत्नी’ असा पुकारा झाला. साहेब पाटावर बसलेच होते, जरीचा फेटा बांधून, आणि युवराजच्या माणसांकडं बघत होते, आता बोला म्हणून. शेजारचा पाट रिकामा, त्याच्याभोवती रांगोळी. गुरुजींच्या उपरण्याला छोटा माईक लावलेला होता, मंत्र सगळ्यांना ऐकू जावेत म्हणून.

“या बाई, बसा,” गुरुजी म्हणाले. “साहेबांच्या हाताला हात लावा.”

आत्या पाटापाशी वाकली. कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून एक सुपारी काढली, पाटाच्या मधोमध ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

“हे काय?” गुरुजी गडबडले.

“माज्या जागी हिला बसवा,” आत्या म्हणाली. तिचा आवाज गुरुजींच्या माईकमधून मांडवभर गेला.

साहेब दातांतून म्हणाले, “अगं, लोक बघतायत.” तेही मांडवभर गेलं.

“बघू द्या की. दसऱ्याला तुमी हिला बसवलं तवा लोकास्नी वाटलं मी मेले. लोकांचं काय चुकलं न्हाय. पन खरं सांगू का, ह्याच्या आदीबी हितं हीच बसत हुती. मी कवा बसलेच न्हाय.” मग ती गुरुजींकडं वळली. “एक इचारते गुरुजी. नवरा असून नसल्यासारका असला, तर बायकुनं कमरंला काय लावायचं? हाय का सोय तुमच्या पोथीत?”

गुरुजी पोथीकडं बघत राहिले. साहेबांनी माईकवाल्याकडं बघितलं, अगदी तसंच, माझ्या वडिलांच्या वेळी बघितलं होतं तसं. पण मंत्र सुरू व्हायचे म्हणून तो निवांत प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. आत्या शांतपणे पाटापासून मागं झाली आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका खाली बसल्या होत्या तिथं जाऊन बसली. त्यांनी सरकून तिला जागा दिली. कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, तो तिनं घटाघट प्याला.

पूजा थांबवता येत नव्हती, मुहूर्त होता. जिवंत बायको समोर बसलेली असताना साहेबांनी सुपारीशेजारी बसून गव्हाण पुजली. गुरुजींनी सवयीनं “हाताला हात लावा” म्हटलं आणि मांडव असा फुटला, की मंत्र पुढं ऐकूच आले नाहीत. साहेबांनी रुमाल काढला. या खेपेला घाम खराच होता.

निवडणुकीचं जे व्हायचं ते होईल. असली माणसं पडली तरी ज्येष्ठ राहतातच. आत्या होटगीलाच आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. बातमी साहेबांच्या ऑफिसातून पूजेच्या आधीच गेलेली असणार, फोटो मात्र खरा होता. फोटोत साहेब हात जोडून आणि शेजारच्या पाटावर ती सुपारी, हळदकुंकू लावलेली. खाली छापलं होतं, ‘ज्येष्ठ नेते रावजीसाहेब यांच्या हस्ते सपत्नीक गव्हाण पूजन’.

मी आत्याला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून फोटो नीट निरखला.

“बरूबर छापलंय की गं,” ती म्हणाली, आणि तो पेपर तिनं चुलीत घातला नाही. वडिलांच्या फोटोखाली खिळ्याला अडकवून ठेवला.